पानमंद साहेब आणि न चालणाऱ्या नोटा

ओतूरच्या बाजारपेठेत माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि बरोब्बर समोर बँक आहे. बँकेचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथून कर्ज काढायचंय. आमचे पणजोबा मारवाडातून येऊन इथं बसले तेव्हा समोरच्या जागेत म्हणे बैल बांधायचे. बैलांपासून आम्हाला काही उत्पन्न नव्हतं. बँक आल्यावर मात्र आमचं भलं झालं, आणि कॅशच्या खिडकीत सुदर्शन पानमंद साहेब बसायला लागल्यावर तर विचारूच नका. माझ्या दुकानातली निम्मी चिकटपट्टी त्या एका माणसाच्या कृपेनं खपत होती.

पानमंद साहेब फाटकी नोट घेत नसत. आता फाटकी म्हणजे दोन तुकडे झालेली, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही त्यांच्या खिडकीशी कधी उभे राहिलेला नाहीत. घडीवर मऊ पडलेली नोट फाटकी. कोपरा विरलेली फाटकी. कुणी निळ्या पेनानं खताचा हिशोब केलेली, हळदीचं बोट लागलेली, पावसात भिजून वाळलेली, या सगळ्या फाटक्याच. नारायणगावला टोमॅटो विकून आलेल्या माणसाच्या नोटेला टोमॅटोचा वास येणार, गुलाबाचा कुठून येणार? पण साहेब नाकाला रुमाल लावायचे आणि त्या माणसाकडं असं बघायचे, की जणू त्यानंच ती नोट चघळून आणलीय.

नोट नाकारायची त्यांची एक पद्धत होती. आधी ती दोन बोटांत धरून ट्यूबलाइटकडं न्यायची. मग एक सुस्कारा टाकायचा. आणि मग नखानं टिचकी मारून काचेखालच्या फटीतून ती अशी परत पाठवायची, की गिऱ्हाइकाला ती खाली वाकूनच उचलावी लागे.

"ही चालणार नाही. नियम नाही. बाजारात चालवून टाका. पुढचा!"

हे चार मंत्र मी वीसेक वर्षं समोरच्या गल्ल्यावर बसून ऐकले. त्यातला 'चालवून टाका' हा साहेबांचा खास आवडता. बँकेत चालत नाही ती नोट बाजारात कशी चालायची, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. टिचकी खाल्लेलं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून थेट माझ्याकडं यायचं आणि चिकटपट्टी मागायचं. माझी आई उगमबाई गादीवर बसून सगळं बघायची आणि म्हणायची, "पीयूष, त्या साहेबाला दिवाळीला मिठाईचा डबा पाठवत जा रे. बिनपगारी एजंट आहे आपला."

याच साहेबांच्या टेबलाच्या खालच्या खणात कोऱ्या नोटांची बंडलं असत. दहाची, वीसची, बँडसुद्धा न सोडलेली. ती कुणाला मिळायची यावरून गावात कोण मोठा आणि कोण नुसताच श्रीमंत, हे ठरत असे. पतसंस्थेचे चेअरमन, माजी सरपंच, यात्रा कमिटीचे अध्यक्ष ही मंडळी लग्नसराईत काचेबाहेर उभीच राहत नसत, आत जाऊन चहा पीत. बाकीच्यांना विरलेल्या नोटा. म्हणजे ज्या नोटा साहेब आमच्याकडून घेत नसत, तसल्याच त्यांच्या खिडकीतून आम्हाला मिळत. तक्रार केली की म्हणत, "वरून जे येतं तेच मी देतो." पण एक गोष्ट मी शपथेवर सांगतो, साहेबांनी कुणाचा एक रुपया घेतला नाही. कांद्याची गोणी म्हणजे काही रुपया नव्हे.

बँकेच्या पायरीशी ठकूबाई मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. एकदा तिची पाचशेची नोट लुगड्याच्या केळ्यात, कमरेच्या खोचीत, राहून धुण्यात गेली आणि घडीवर सरळ दोन तुकडे झाले. माझ्याकडं आली. मी चिकटपट्टी लावून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. माझ्या औदार्याची मर्यादा तेवढीच. ती नोट घेऊन ठकूबाई खिडकीशी गेली.

"आजी, ही नोट मेली," साहेब म्हणाले.

"मेली कशानं? दोनी कडंला आकडा दिसतोय की समदा."

"नियम नाही. बाजारात चालवून टाका."

"मी कुनाला चालवू साहेब? मी इकती मेथी. लोकं मला नोट देत्यात, मी कुनाला दिऊ?"

"पुढचा!"

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच तो 'पुढचा!'. ठकूबाईनं नोट चंचीत सुपारीशेजारी ठेवून दिली. तेव्हापासून सणासुदीला, पैशाची ओढ लागली की, ती खिडकीत तोंड घालून विचारायची, "साहेब, नियम बदलला का?" आणि साहेब मान वर न करता म्हणायचे, "नाही बदलला."

मार्चअखेरीस साहेब रिटायर झाले. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्राची फ्रेम माझ्याच दुकानातली. त्यात 'स्वच्छ चलनाचे निष्ठावंत पुजारी' असं छापलेलं होतं. त्यांच्या जागी निमगाव सावाची तेजस्विनी नावाची मुलगी आली. साहेबांनी तिला खुर्ची देता देता उपदेश केला, "फाटकी दिसली की हात मागं घ्यायचा. एकदा घेतली की सगळं गाव घेऊन येतं." तिनं नम्रपणे मान हलवली. या पिढीची मान कशाला हलते ते कळत नाही.

मे महिन्यात साहेबांच्या एकुलत्या एक मुलीचं, संस्कृतीचं लग्न निघालं. पोरगी गुणाची, चाकणच्या कंपनीत नोकरी. पाहुणे मंचरकडचे, मोठं खटलं, मानपानाला तिखट. साहेबांनी सगळ्या गावाला पत्रिका वाटल्या. सगळं गाव माझ्याकडं आहेराची पाकिटं घ्यायला आलं, ती वर रुपयाचं नाणं चिकटवलेली. आणि इथं मला गावाच्या बुद्धीचं दर्शन घडलं.

पहिला माणूस पाकीट घेऊन जरा कडेला वळला. आतल्या खिशातून एक नोट काढली आणि हळूच म्हणाला, "शेठ, जरा चिकटपट्टी फिरवा हिच्यावर." मी फिरवली. तो माझ्या कानाशी आला. "एवढ्या शे-दोनशे पाकिटांत आपली एक कुटं कळतीय? आन् आता काय, खुर्ची गेली त्यांची." डोळा मारून गेला. तासाभरानं दुसरा आला, तसलीच नोट, तोच डोळा. मग तिसरा. कट वगैरे काही नव्हता हो. कट करायला एकमेकांवर विश्वास लागतो, तो आमच्या गावात कुठला? प्रत्येकाला वाटत होतं, ही अक्कल फक्त आपल्यालाच सुचलीय. वर्षानुवर्षं कपाटाच्या कागदाखाली, देव्हाऱ्यात, पासबुकाच्या प्लॅस्टिकमध्ये पडलेल्या नोटा बाहेर निघाल्या. साहेबांनीच तर सांगितलं होतं, कुठंतरी चालवून टाका म्हणून. लोक आज्ञाधारक आहेत आमचे.

मी दुकानदार. गिऱ्हाइकाची गुपितं पोटात ठेवणं हा आमचा धंदा. पण आमच्या गल्ल्याच्या तळालाही एक शंभराची नोट होती, अर्धी एकीची आणि अर्धी दुसऱ्याच नोटेची, कुणीतरी कौशल्यानं जोडलेली. वडिलांच्या, लालचंदजींच्या हातात पडलेली, त्यांच्यामागं तशीच राहिलेली. आईनं विषय काढलाच.

"आपली पण आहे ना रे एक?"

"आई! मुलीचं लग्न आहे."

"बरं, बरं. राहिलं. कोरीच घाल," आई म्हणाली, आणि पाकीट बंद करायला स्वतःकडं घेतलं.

लग्न दणक्यात झालं. साहेबांनी संस्कृती दहावीत असल्यापासून कोरी बंडलं बाजूला टाकली होती, ती त्या दिवशी फुटली. करवल्यांना कोऱ्या, गुरुजींना कोऱ्या, बँडवाल्याच्या टोपीत कोऱ्या, नवऱ्याच्या बुटाच्या बदल्यात मेहुण्यांना कोऱ्या. मंचरकर बघतच राहिले. एक म्हातारे पाहुणे नोट नाकाशी नेऊन म्हणाले, "अजून शाईचा वास येतोय, राव!" साहेबांचा ऊर भरून आला. खाली बसायलाच तयार नव्हते.

चारच्या सुमाराला पंगती उठल्या आणि सयाजी केटरर हिशोबाला आला. उरलेली रक्कम रोख द्यायची, असं आधीच ठरलेलं. साहेबांचा सरळ आडाखा होता, आहेर फोडायचा आणि सयाजीचं भागवायचं. आमच्याकडं सगळे हेच करतात. त्यांनी मला वधूच्या खोलीत बोलावून घेतलं. "शेठ, तुम्ही या. पैशाला मारवाड्याचा हात चांगला."

खोलीत साहेब, संस्कृती, मी, आणि दारात टेकून सयाजी. पहिलं पाकीट फोडलं. नोटेच्या मधोमध चिकटपट्टी. साहेब हसले. "बघा शेठ, लोकांना लाज नाही." दुसरं फोडलं. कोपरा गायब. तिसरीवर तेलाचा डाग. चौथीवर कुणाचा तरी फवारणीचा हिशोब. साहेब हसायचे थांबले. पाकिटं जसजशी फुटत गेली तसतशी खोलीत माझीच चिकटपट्टी चमकायला लागली. मी खाली बघून पाकिटांवरची नाणी सोडवत बसलो.

साहेबांची स्मरणशक्ती दांडगी. एकेक नोट हातात घेऊन ते पुटपुटायला लागले, "ही मी गणपतीत परत केली होती... ही त्या डेअरीवाल्याची... ही तर मी दोनदा परत केलीय." जुनी ओळखीची माणसं रांगेनं भेटायला यावीत तसं चाललं होतं. मधूनमधून एखादी धड नोट निघायची, तिच्याकडं ते अविश्वासानं बघायचे.

शेवटी त्यांनी सगळा ढीग गोळा केला आणि चेहरा सरळ ठेवून सयाजीपुढं केला. "घ्या. पूर्ण आहेत."

सयाजीनं वरची नोट दोन बोटांत धरली. ट्यूबलाइटकडं नेली. त्याला बिचाऱ्याला माहीतही नसेल की तो कुणाची नक्कल करतोय.

"साहेब, राग मानू नका," तो म्हणाला. "पर ह्या मी घिऊन करू काय? आमच्या बँकंत असल्या घेत न्हाईत. तुमीच घेत न्हवता."

बाहेर मंचरकरांच्या गाड्या सुरू व्हायला लागल्या होत्या. केटररचे पैसे थकले, ही गोष्ट पाठवणीआधी मांडवात पसरली असती तर त्या कोऱ्या नोटांचा सगळा वास उडाला असता. तेवढ्यात संस्कृती उठली. मुंडावळ्या मागं सारल्या, पर्समधून मोबाईल काढला आणि म्हणाली, "सयाजीकाका, तुमचा कोड दाखवा." सयाजीनं आपल्या फोनच्या पाठीला चिकटवलेला कोड पुढं केला. टुंग असा आवाज झाला आणि विषय मिटला. याच मोबाईलला साहेब 'पोरासोरांचा खेळ' म्हणायचे.

"तुझ्या पगाराचे होते ना गं?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या हो बाबा."

"राहू द्या कसं? तिकडं कळलं तर काय म्हणतील, बापानं लेकीच्या पैशानं जेवणावळ घातली? आठ दिवसांत तुझ्या खात्यात टाकतो. शब्द आहे माझा."

खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला त्यांची कीव आली. चिकटपट्टीची कमाई जरा टोचली. पण जरा.

खात्यातलं होतं नव्हतं ते लग्नात गेलेलं; आता शब्द पाळायचा म्हणजे त्या पिशवीभर नोटांचं काहीतरी करायला हवं. बँकेत जायचं तर कुठल्या तोंडानं? म्हणून साहेब स्वतःचाच सल्ला घेऊन बाहेर पडले. आळेफाट्याच्या पंपावर पेट्रोल भरलं आणि तेलाच्या डागाची पाचशेची पुढं केली. पंपवाल्यानं नोट बघितली, साहेबांना बघितलं आणि हात जोडले. "साहेब, असली घ्यायची न्हाई, हे आमाला तुमीच शिकीवलं." एसटीत कंडक्टरनं नोट परत दिली आणि वर म्हणाला, "पावणं, कुटंतरी चालवून टाका." किराणावाला, दूधवाला, मेडिकल, सगळीकडं त्यांचंच वाक्य त्यांची वाट बघत उभं होतं. देवळाच्या पेटीत टाकता आल्या असत्या, पण देव सुट्टे परत देत नाही.

सात दिवस गेले. आठव्या दिवशी सकाळी पानमंद साहेब कापडी पिशवी घेऊन बँकेत शिरले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. काचेच्या आतला माणूस काचेबाहेर. समोरच्या पेठेतली कामं आपोआप थांबली. मलाही नेमकी तेव्हाच एक स्लिप भरायची आठवण झाली, म्हणून मी आत गेलो. ठकूबाईनं मेथीवर ओलं गोणपाट टाकलं आणि चंची चाचपत येऊन साहेबांच्या मागं उभी राहिली. "साह्यबाच्या घेतल्या तर माजी बी घेत्याल," ती मला म्हणाली. ऐकू सगळ्यांना गेलं.

खिडकीत तेजस्विनी. साहेबांना बघून उठायलाच लागली. "सर, तुम्ही आत या ना, बसा."

"नको. बरा आहे इथंच." साहेबांनी पिशवी फटीजवळ ठेवली. घसा साफ केला. "ह्या जरा... म्हणजे नियमात कुठं बसत असेल तर..."

तेजस्विनीनं गठ्ठा उघडला. एकेक नोट सरळ केली, बघितली, बाजूला लावली. ना सुस्कारा, ना रुमाल.

"बसतात की सर. काही आत्ता बदलून देते, बाकीच्यांची पावती देते, त्या मोठ्या शाखेत जाऊन तुमच्या खात्यात जमा होतील. हा नियम तर पहिल्यापासून आहे." मग ती अगदी साधेपणानं म्हणाली, "वेगळ्या बांधायच्या आणि वर पाठवायच्या. थोडं लिहायचं काम वाढतं, एवढंच."

एवढंच. म्हणजे इतकी वर्षं साऱ्या पंचक्रोशीनं खाली वाकून नोटा उचलल्या त्या साहेबांचं थोडं लिहायचं काम वाचावं म्हणून. मी साहेबांकडं बघितलं. ते काचेवर चिकटवलेल्या सूचना वाचत होते. त्या त्यांनीच चिकटवलेल्या होत्या.

"ही एक मात्र नाही घेता येणार सर," तेजस्विनीनं एक शंभराची परत सरकवली. "हिचे अर्धे-अर्धे वेगवेगळ्या नोटांचे आहेत."

ती नोट मी लगेच ओळखली. लहानपणापासून बघत आलोय. रस्त्यापलीकडं आमच्या गादीवर आई माळ ओढत बसली होती. मी पुन्हा स्लिप भरायला लागलो.

साहेबांनी पावती घेतली, नव्या नोटा घेतल्या. "ह्या संस्कृतीच्या खात्यात टाक. आणि पावतीचे जमा झाले की तेही तिलाच पाठव. आजच स्लिप भरून ठेवतो," म्हणाले. शब्द पाळला त्यांनी, ते मान्य करायला हवं. पिशवीची घडी घालून ते वळणार, तोच ठकूबाई पुढं सरकली. चंचीतून नोट काढली. सुपारीचा वास, माझी पट्टी पिवळी पडलेली. तेजस्विनीनं दोन्ही तुकड्यांवरचे नंबर ताडून बघितले आणि पाचशेची नवी नोट काढून तिच्या हातात दिली. चुना लावायला लागतो त्याहून कमी वेळ गेला असेल.

ठकूबाईनं ती नोट पालथी केली, उलथी केली. मग साहेबांकडं वळली.

"साहेब, नियम बदलला व्हय?"

तेजस्विनीनं मान वर केली आणि लगेच खाली घातली. साहेब ठकूबाईकडं न बघता म्हणाले, "हो आजी. बदललाय. नवीनच आलाय."

"बरा आला," ठकूबाई नोट चंचीत ठेवत म्हणाली. "तुमच्या पोरीचं लगीन उरकायची वाट बघत थांबला व्हता वाटतं."

ती मेथीकडं निघून गेली. साहेब काचेशी तसेच उभे राहिले, मागच्या माणसानं "पावणं, सरका की वाईच" म्हणेपर्यंत.